प्लगवाली वायल: स्लो कुकरबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की आमच्याकडे मिनेसोटात नोव्हेंबर लागला की स्लो कुकर (मंद आचेवर तासन्तास शिजवणारं विजेचं भांडं) ओट्यावर चढतो तो थेट एप्रिलातच उतरतो, तर त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आलेत की या वेळची सगळी जागा त्यालाच देऊन टाकली. लोणच्याला बुरशी का येते विचारणाऱ्या तिघींनी पुढच्या अंकापर्यंत दम धरा.

प्रश्न: काकू, मी मास्टर्सला आलोय, एक सीनियर रूम सोडताना स्लो कुकर ठेवून गेला. सकाळी आठला तूरडाळ, टोमॅटो, चिंच, मीठ, हळद सगळं एकदम टाकलं, लो वर लावलं आणि कॉलेजला गेलो. संध्याकाळी सहाला येऊन बघतो तर डाळ कचकचीत, पाणी वेगळं आणि डाळ वेगळी. कुकर बिघडलाय का?
— उपाशी विद्यार्थी, मिनियापोलिस

उत्तर: कुकर बहुतेक ठणठणीत आहे रे बाळा, घात चिंचेनं केलाय. आंबट पडलं की डाळ मऊ व्हायचं नावच घेत नाही. घरी प्रेशर कुकरमध्ये आईनं टोमॅटो आधी टाकला तरी खपून जातं कारण आत १२० अंशांच्या आसपास तापमान जातं, पण स्लो कुकर उकळीच्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे त्याच्याकडे ती जबरदस्ती नाही. एक वाटी तूरडाळ तासभर गरम पाण्यात भिजव, मग साडेतीन वाट्या गरम पाणी (गार नको, गार पाणी तापवण्यातच त्याचा तास जातो), हळद, हिंग, चमचाभर तेल, बस एवढंच. लो वर सात-आठ तास किंवा हाय वर साडेतीन-चार. घरी आलास की रवीनं किंवा पळीनं घोट, मग टोमॅटो, चिंच, गूळ, मीठ घालून हाय वर वीस मिनिटं, आणि फोडणी शेवटी वेगळ्या कढल्यात करून वरून ओत. फोडणी सकाळीच घालून दहा तास शिजवलीस तर मोहरी-कढीपत्त्याचा नुसता काढा होतो, वास उडून जातो सगळा.

लो आणि हाय म्हणजे गॅसचा बारीक-मोठा असं समजू नकोस. दोन्ही शेवटी जवळपास एकाच ठिकाणी पोचतात, उकळीच्या जरा अलीकडे, फक्त हाय वर लवकर आणि लो वर रमतगमत. तरी शंका असेलच तर अर्धं भांडं पाणी भर, लो वर आठ तास ठेव आणि झाकण काढल्या काढल्या थर्मामीटर घाल. १८५ ते २०० फॅरेनहाइट, म्हणजे साधारण ८५ ते ९३ सेल्सिअस दाखवलं तर कुकर चांगला. त्याच्या खाली असेल तर सीनियरला मनातल्या मनात चार शब्द सुनाव आणि नवा घे.

प्रश्न: राजमा भिजत घालायला मी नेहमी विसरते. स्लो कुकरमध्ये कोरडाच टाकून दहा तास लो वर ठेवला तर चालेल ना? ऑफिसमधली मैत्रीण म्हणते ती सगळं टाकते, झाकण लावते आणि मोकळी होते.
— घाईतली आई, शिकागो

उत्तर: नाही. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक लेक्टिन, म्हणजे एक प्रकारचं प्रथिन, असतं, नाव विसरलात तरी चालेल पण गोष्ट विसरू नका. कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत उलट्या सुरू होऊ शकतात आणि मागोमाग जुलाब. खळखळून उकळलं की ते मोडतं, पण स्लो कुकर कित्येकदा ८० अंश सेल्सिअसच्या खालीच रेंगाळतो, आणि तेवढ्या अर्धवट आचेवर ते कमी व्हायच्या ऐवजी वाढतं, अमेरिकेच्या एफडीएनं (सरकारी अन्न-औषध खात्यानं) पाचपटीपर्यंत असा आकडा दिलाय. म्हणजे कच्च्यापेक्षा अर्धाकच्चा जास्त वाईट. आणि दाणा बोटानं दाबला तर मऊ लागतो, तिथेच माणूस फसतो.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. इथे आल्यावरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी हाच उद्योग केला होता, बाहेर बर्फ, आत राजमा-भात, आम्ही दोघं एकदम खूश, आणि रात्री अकरापासून पहाटेपर्यंत काय झालं ते लिहीत नाही, एवढंच सांगते की त्या अपार्टमेंटला बाथरूम एकच होतं.

तर राजमा निदान पाच तास भिजलाच पाहिजे, भिजवलेलं पाणी फेकायचं, नवीन पाण्यात गॅसवर दणदणीत उकळी आणायची आणि ती तशीच चालू ठेवायची. दहा मिनिटांत काम होतं असं म्हणतात, एफडीए अर्धा तास सांगते, मी अर्धा तासच ठेवते. मगच स्लो कुकरमध्ये. पांढऱ्या राजम्यात हा प्रकार कमी असतो पण नियम तोच लावा. विसरलातच तर सरळ डब्यातला राजमा आणा, तो आधीच शिजवलेला असतो, धुवून मसाल्यात टाकला की तीन-चार तासांत छान मुरतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न: मटण मऊ होतं पण चव पाणचट, आईच्या रश्श्यासारखं लागतच नाही. वर तेल तरंगतं पण त्याला तर्री म्हणवत नाही. मी मटण, कांदा, आलं-लसूण, कांदा-लसूण मसाला आणि चार कप पाणी घालून आठ तास ठेवतो. काय चुकतंय?
— साताऱ्याचा, सध्या कॅलगरी

उत्तर: चार कप! अहो भाऊ, स्लो कुकरमधून वाफ बाहेर जातच नाही, झाकणाला लागते, तिथे थेंब होतात आणि परत आत पडतात. शिवाय मटणाला स्वतःचं पाणी सुटतं, कांद्याचं सुटतं ते वेगळंच. एक किलो मटणाला पाऊण कप पाणी पुष्कळ झालं. रस्सा वाढवायचाच असेल तर शेवटी उकळतं पाणी घालून वाढवा.

आता मुळापासून सांगते कारण या प्रश्नात माझा जीव आहे. मटण घेताना खांदा, मान, नळी असं हाडाचं घ्या. हाडाला चिकटलेली ती पांढरी चिवट पडदी असते ना, प्रेशर कुकरमध्ये घाईत ती रबरासारखी राहते, पण सात-आठ तास मंद आचेवर ती हळूहळू विरघळून रश्श्यात उतरते आणि ओठाला ओठ चिकटतात असा रस्सा होतो. मांडीचे बोनलेस तुकडे घेऊन स्लो कुकर लावणं म्हणजे बैलगाडीला विमानाचं पेट्रोल. फ्रोजन मटणाचा ठोकळा तसाच टाकू नका, रात्रभर फ्रीजमध्ये खाली ठेवून सुटा होऊ दे, नाहीतर तो ५ ते ६० अंशांच्या मधेच तासन्तास लोळत पडतो आणि जंतूंना नेमकं तेच आवडतं. हळद, मीठ, आलं-लसूण लावून फ्रीजमध्येच मुरू द्या.

सकाळी बिडाचा तवा कडकडीत तापवून मटण दोन-तीन घाण्यांत परता, चांगलं तांबूस होईपर्यंत, प्रत्येक घाण्याला सात-आठ मिनिटं. लोक नेमकी हीच पायरी गाळतात. स्लो कुकर काहीही भाजू शकत नाही, त्यामुळे तो खमंगपणा आधीच तयार करून आत घालावा लागतो. तव्याला जे खाली लागलंय ते पाऊण कप पाण्यानं खरवडून तेच पाणी कुकरात.

वाटणाचं सुकं खोबरं मी अजून अख्ख्या वाटीनं भाजते. आमच्याकडे गॅस नाही, इलेक्ट्रिक कॉइल आहे, तर कॉइल लाल झाली की चिमट्यात वाटी धरायची, कडा आधी पेटते, निळसर धूर निघतो, फुंकर मारायची, फिरवायची, परत धरायची, आतलं पांढरं तसंच आणि वरून कोळसा. तेवढ्यात स्मोक अलार्म बोंबलतो, नवरा टॉवेल घेऊन त्याच्याखाली उभा राहून वारा घालतो, आणि उणे वीसमध्ये खिडकी उघडावी लागते. हे दर रविवारी. पण तो वास जॅकेटला सोमवारी ऑफिसात येतो आणि मला अजिबात लाज वाटत नाही. कांदाही तसाच सालासकट भाजा. खोबरं, कांदा, धने, तीळ, थोडी खसखस, मिरी, आणि लवंग-दालचिनी मात्र नेहमीच्या निम्मी, कारण आठ तासांत लवंग सगळ्यांच्या डोक्यावर बसते.

वाटणाचा अर्धा भाग सकाळी मटणाबरोबर, लो वर सात-आठ तास. उरलेला अर्धा फ्रीजमध्ये. आणि आता तुमच्या तर्रीचं. मिरचीचा रंग तेलात सुटतो, पाण्यात नाही, तुम्ही मसाला पाण्यात टाकताय म्हणून तो लाल होण्याऐवजी विटकरी होतो. संध्याकाळी कढईत हात सैल सोडून तेल घ्या, गरम झालं की आच बारीक करा, मग कांदा-लसूण मसाला आणि थोडं रंगाचं तिखट, जळू देऊ नका, वाटणाचा राहिलेला भाग तेल सुटेपर्यंत परता आणि हे सगळं कुकरात ओता. हाय वर वीस मिनिटं. झाकण काढाल तेव्हा वर जे दिसेल ते आईला फोटो काढून पाठवा.

भाकरीचं एक. इथे मिळणारं ज्वारीचं पीठ बरेचदा जुनं असतं, थापताना तडकतं, तर उकळत्या पाण्याची उकड काढून मळा. आणि पायाचा रस्सा करणार असाल तर पाय आधी गॅसवर दहा मिनिटं उकळून ते फेसाळ पाणी ओतून द्या, मग लो वर दहा-बारा तास बिनधास्त. चिकनच्या ब्रेस्टसाठी स्लो कुकर लावू नका, सुतळी होते.

प्रश्न: मुलीनं डॅलसहून येताना स्लो कुकर आणलाय. अडॅप्टर लावून इथे चालेल का? नाशिकला यंदा थंडी चांगलीच पडलीय, वापरावासा वाटतो.
— एक आजी, नाशिक

उत्तर: आजी, प्लग लावण्याआधी भांडं उलटं करून खालचं स्टिकर वाचा. तिथे १२० व्होल्ट लिहिलेलं असणार, आपल्याकडे २३० येतात. साधा अडॅप्टर नुसत्या पिना बदलतो, वीज बदलत नाही. एवढ्या व्होल्टेजवर तो जवळजवळ पावणेचारपट वीज ओढायला बघतो, २५० वॉटचा कुकर ९०० च्या वर जातो, आणि मग कॉइल जळते किंवा भांडं तडकतं किंवा दोन्ही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला तर चालेल, २५० वॉटच्या कुकरला ५०० वॉटचा घ्यावा, पण ते विटेएवढं जड धूड ओट्यावर ठेवून डाळ शिजवायची हे मला तरी पटत नाही. हौस असेल तर २३० व्होल्टवाला तिथलाच घ्या, हल्ली इलेक्ट्रिक प्रेशर कुकर मिळतात त्यातल्या काहींना स्लो कुकचं बटण असतं. मुलीला वाईट वाटेल म्हणाल तर आतलं जाड चिनी मातीचं भांडं बाहेर काढा, गरम पाण्यानं शेकवून घ्या आणि थंडीत त्यात दही लावा. ऊब धरून ठेवतं, दही घट्ट लागतं. तिला सांगा रोज वापरते म्हणून, खोटं नाही ते.

प्रश्न: हे सगळं अमेरिकन खूळ आहे. आपल्या स्वयंपाकाचा आणि याचा काय संबंध? तुम्ही मासिकाची पानं वाया घालवताय.
— एक जुने वाचक, एडिसन

उत्तर: काका, तुमच्या गावच्या घरी चुलीला वायल होती का? मुख्य चुलीवर भाकरी चालायची आणि बाजूच्या वायलीवर, तिकडून येणाऱ्या उरलेल्या धगीवर, डाळ किंवा दूध तासन्तास बसून असायचं, कोणी त्याच्याकडे बघायचंही नाही. स्लो कुकर म्हणजे प्लग लावलेली वायल. आणि खूळच म्हणायचं तर ते आपल्याकडे आधी आलं. कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिकांनी १९१० साली इकमिक कुकर काढला, खाली कोळशाची शेगडी आणि वर एकावर एक डबे, सकाळी लावून कामाला गेलं की परत येईपर्यंत भात-डाळ-भाजी तयार. मराठी घरांतही तो होता, तुमच्या पिढीतल्या कित्येकांनी नाव तरी ऐकलं असेल.

अमेरिकेतली गोष्टही तुम्हाला वाटते तशी नाही. आयर्विंग नॅक्सन म्हणून एक ज्यू इंजिनियर होते. त्यांच्या आईनं लिथुआनियातल्या तिच्या लहानपणची आठवण सांगितली होती, की शब्बाथला (ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) चूल पेटवायची नाही म्हणून शुक्रवारी संध्याकाळ व्हायच्या आत बायका चोलंटचं मडकं, म्हणजे मांस, घेवडा आणि बटाटे, गावच्या बेकरीत नेऊन ठेवायच्या आणि विझत चाललेल्या भट्टीच्या धगीवर ते रात्रभर शिजायचं. त्यावरून त्यांनी विजेचं भांडं केलं, १९४० ला पेटंट मिळालं. पुढे १९७० मध्ये रायव्हल कंपनीनं त्यांचा धंदा विकत घेतला आणि १९७१ ला तेच भांडं क्रॉक-पॉट नावानं बाजारात आणलं. म्हणजे तिकडेही मुळात आईनं सांगितलेली उरलेल्या धगीचीच गोष्ट. पानं वाया गेली असं अजून वाटत असेल तर पुढच्या अंकात लोणचं आहे, ते वाचा.

प्रश्न: भोगी नेमकी कामाच्या दिवशी येते. लीड्समध्ये जानेवारीत चार-सव्वाचारलाच अंधार पडतो, ऑफिसहून येऊन भोगीची भाजी करायचा उत्साहच राहत नाही. स्लो कुकरमध्ये जमेल?
— लीड्सची वाचक

उत्तर: जमेल, आणि छान जमेल, फक्त एक उलटी गोष्ट लक्षात ठेव. स्लो कुकरमध्ये कंदमुळं मटणापेक्षाही उशिरा शिजतात, म्हणून गाजराचे जाड तुकडे सगळ्यात खाली आणि कडेला, त्यावर भिजवलेले शेंगदाणे, ओले हरभरे (फ्रोजन हिरवे मिळतात, ते आधी सुटे करून घे), वालपापडी किंवा घेवडा, आणि सगळ्यात वर छोटी वांगी देठासकट चिरा देऊन. वांगी खाली टाकलीस तर संध्याकाळी शोधावी लागतील. रात्रीच चिरून फ्रीजमध्ये ठेव, पण कुकरच्या भांड्यात भरून ते भांडं फ्रीजमध्ये ठेवू नकोस, गार भांडं गरम बेसवर बसवलं की तडकतं, मी एक घालवलंय. अर्धा कप पाणी, हळद, मीठ, आलं-मिरची. लो वर सहा तास. तुला यायला नऊ तास लागत असतील तर सहा तासांनी आपोआप वॉर्मवर (नुसतं गरम ठेवायच्या बटणावर) जाणारा कुकर असेल तर उत्तम, नसेल तर तुकडे मोठे ठेव. आल्यावर तिळाचं कूट, गोडा मसाला, गूळ, आणि फोडणी वरून. तोवर तीळ लावलेली बाजरीची भाकरी तव्यावर पडलेली असेल.

थंडीतलंच अजून एक सांगते, गव्हाची खीर. खपली गहू किंवा सोललेले गहू रात्री भिजवायचे, जरा भरडसर करायचे, चौपट पाणी घालून लो वर आठ तास. दाणा फुलून असा मऊ होतो की प्रेशर कुकरमध्ये तसा कधी झाला नाही माझ्याकडून. गूळ मात्र दाणा पूर्ण शिजल्यावरच, आधी घातला तर दाणा आवळतो, आणि दूध खीर जरा निवल्यावर, नाहीतर फाटतं. सुंठ, जायफळ, ओलं खोबरं.

प्रश्न: मी सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेय. सून सकाळी हा कुकर लावून ऑफिसला जाते आणि मी घरात एकटी. दिवसभर वीज चालू, मला धाकधूक होते. दर तासाला झाकण उघडून बघते, तरी संध्याकाळी भाजी कच्चीच असते आणि सून माझ्याकडे बघते. बिल किती येत असेल?
— एक सासूबाई, टोरांटो

उत्तर: ताई, भाजी कच्ची का राहते ते तुमच्याच पत्रात आहे हो! एकदा झाकण उघडलं की आतली वाफ गेली, ती परत भरायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तुम्ही आठ वेळा उघडलंत तर धरा हिशोब, भाजी दिवसभर तापतेच आहे. सुनेची काही चूक नाही.

बिलाचं म्हणाल तर साधारण २०० वॉटचा कुकर आठ तास चालला तर दीड युनिटच्या थोडं वर, १.६. ओव्हन तासभर लावला तरी पुष्कळदा याहून जास्त जातं. भीतीचं म्हणाल तर वायर भिंतीतल्या सॉकेटमध्येच असू दे, एक्स्टेंशनला नको, भिंतीपासून वीतभर लांब, आजूबाजूला टॉवेल-पेपर काही नाही, आणि भांडं निम्म्यापेक्षा कमी नाही आणि पाऊणपेक्षा जास्त नाही. मधे लाइट गेली आणि तुम्ही घरी असाल तर सरळ गॅसवर शिजवून टाका. सगळे बाहेर होते आणि लाइट किती वेळ गेली होती ते कळायला मार्ग नसेल, तर जीव तुटला तरी ते अन्न टाकायचं. उरलेलं त्याच भांड्यात झाकून फ्रीजमध्ये लोटू नका, दोन तासांच्या आत पसरट डब्यांत काढा, आणि दुसऱ्या दिवशी गरम करताना गॅसवर, वॉर्मच्या बटणावर नाही.

आणि बघायचंच असेल तर झाकण काचेचं आहे ना, हातरुमाल धरून त्याची मूठ जराशी गर्रकन फिरवा किंवा बोटानं टिचकी मारा, आतले थेंब गळून पडतात आणि सगळं स्वच्छ दिसतं. न उघडता.